सरड्याचा माणूस करताना अंगात काय काय बदलावं लागेल?

कातळवेडी

नमस्कार मंडळी. धागा मोठा आहे, पण विषय वर्षभर डोक्यात घोळतोय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी बोरिवलीला राहते आणि एका चित्रकादंबरीवर काम करतेय. गोष्ट कान्हेरीच्या डोंगरात घडते. लेणी खोदली गेली त्याच्याही आधीपासून त्या काळ्या कातळात राहणारी एक जमात आहे. मी त्यांना 'कातळे' म्हणते. दोन पायांवर चालतात, बोलतात, हत्यारं घडवतात. मात्र त्यांचं मूळ घोरपडीच्या कुळात आहे. पहिला भाग जुन्या काळातला, दुसरा आजच्या मुंबईतला.

मागच्या महिन्यात पहिली ४० पानं एका संपादकांना दाखवली. गोष्ट आवडली म्हणाले, पण नायिकेवर बोट ठेवून म्हणाले, "ही बाई आहे हे कळत नाही. छातीला उठाव द्या, कंबर बारीक करा, पापण्या लांब करा." घरी येऊन तसं काढून पाहिलं. हिरव्या रंगात बुचकळून काढलेली माणसाची बाई समोर आली. फार वाईट वाटलं. पान फाडून टाकलं.

त्याच आठवड्यात कान्हेरीला गेले होते. वरच्या लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्यांशेजारी, पाण्याच्या टाक्यापाशी एक घोरपड उन्हाला पडली होती. माझ्यापासून जेमतेम आठ-दहा फुटांवर. पोट दगडाला असं चिकटवलेलं की बरगड्या फाकून अख्खं अंग भाकरीसारखं पसरलं होतं. मानेच्या बाजूला कातडीच्या सैल घड्या, त्यांत बारीक पिवळसर ठिपके. जीभ बाहेर यायची, दोन टोकं हवेत जराशी थरथरायची आणि आत जायची. मागून मुलांचा गलका आला तशी ती सुसाट पळाली, पंधरा-वीस हात गेली आणि थांबली. थांबल्यावर तिचा गळा फुगत होता, बसत होता, फुगत होता. छाती मात्र जवळपास स्थिर.

ते बघून वाटलं की माझे कातळे अजून माणसंच आहेत. मी फक्त वरून खवले चिकटवलेत. तर जाणकारांनो, सुरुवात कुठून करू?

सर्पमित्र भांडुप

ताई, छातीचा प्रश्न आधी मिटवू. सरपटणाऱ्या प्राण्यांत दूध नाही, त्यामुळे स्तन नाहीत. वीस वर्षं साप-घोरपडी पकडून जंगलात सोडतोय. घोरपड हातात धरूनही नर की मादी हे नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही. तेव्हा तुमची नायिका पहिल्या नजरेत बाई वाटली नाही, तर चित्र बरोबर जमलंय.

आई म्हणून तिची माया दाखवायची असेल तर दुधाची गरज नाही. पवई आणि विहार तलावात मगरी आहेत. मगरीची मादी घरट्यावर राखण करते, पिल्लं अंड्यातून आवाज द्यायला लागली की माती उकरते आणि पिल्लं तोंडात धरून पाण्यापर्यंत नेते. ज्या जबड्याने हाडं मोडतात त्याच जबड्यात पिल्लू. याहून मोठं आईचं चित्र कुठलं काढाल?

आणि 'दुधासारखं काहीतरी' हवंच असेल तर कबूतर बघा. त्याच्या अन्नपिशवीत पिल्लांसाठी दह्यासारखा पदार्थ तयार होतो, नर आणि मादी दोघांच्याही. म्हणजे बापही 'पाजतो'.

दादर पूर्व

सुंदर धागा! एक शंका. अंड्यांच्या उबेवरून मुलगा की मुलगी ठरतं असं ऐकलंय. मग कातळ्यांच्या वस्तीत ऊबदार कपारीत अंडी ठेवली की मुलगे, गार कपारीत ठेवली की मुली, असं दाखवता येईल का? घराघरांत भांडणं लावता येतील त्यावरून.

सर्पमित्र भांडुप

मगरीत तसं होतं. आपल्याकडच्या मगरीची अंडी ३२.५ अंश सेल्सियसच्या आसपास उबली तर बहुतेक नर निघतात, त्याहून गार राहिली तर माद्या. कासवांतही तापमानाचा खेळ असतो, पण तिथे बऱ्याच जातींत नेमकं उलट, ऊब जास्त तर माद्या. घोरपडीत मात्र आपल्यासारखं गुणसूत्रांवर ठरतं, फक्त वेगळी गुणसूत्रं आईकडे. कातळे घोरपडीचे वंशज असतील तर हा धागा गोष्टीत नको.

त्याबदल्यात दुसरं देतो. घोरपडीचा सख्खा चुलतभाऊ कोमोडो ड्रॅगन. २००६ साली इंग्लंडमधल्या प्राणिसंग्रहालयांतल्या माद्यांनी नराशिवाय पिल्लं धरणारी अंडी घातल्याचं जाहीर झालं. अशा अंड्यांतून फक्त नर जन्मतात. एकटी उरलेली एक कातळी आणि तिचे बाप नसलेले मुलगे. बघा काही सुचतंय का.

आणि सगळ्यांनी अंडीच घालायला हवीत असंही नाही. आपली घोणस, आपला हरणटोळ, दोघं थेट पिल्लांना जन्म देतात.

जुना गुरांचा डॉक्टर

लेकी, विषय मन लावून मांडलायस, म्हणून मीही जरा पसरट लिहितो. चाळीस वर्षं जनावरांत गेली.

सगळ्यात मोठी अडचण छातीत नाही, डोक्यात आहे. हिशेब करून बघ. ७० किलोचा माणूस नुसता पडून राहिला तरी दिवसाला साधारण १,६०० कॅलरी जाळतो. त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे ३०० च्या वर, एकटा मेंदू खातो, आणि त्याचं वजन अंगाच्या दोन टक्के. आता तेवढ्याच वजनाचा थंड रक्ताचा प्राणी घे. मोठा कोमोडो ड्रॅगन भरतोच ७० किलोच्या आसपास. त्याचा बसल्या जागचा खर्च आपल्या पाचव्या ते दहाव्या हिश्श्याइतका. म्हणजे माणसाचा नुसता मेंदू पोसायला जेवढं लागतं तेवढ्यात किंवा त्याहून कमीत त्या प्राण्याचं अख्खं घर चालतं. माणसाचा मेंदू त्याच्या डोक्यात बसवलास तर तो उपाशी मरेल.

वाटा दोन. एक, मेंदू स्वस्त कर. कावळ्याकडे बघ. मेंदू अक्रोडाहून लहान, पण पेशी इतक्या दाटीने भरलेल्या की अकलेत माकडांच्या पंगतीला बसतो. पक्षी हे सरपटणाऱ्यांच्याच घराण्यातले, तेव्हा ही उधारी वंशाबाहेरची नाही. कातळ्यांचं डोकं माणसाएवढं गोल फुगवायची गरज नाही. लांबट आणि चपटं ठेव.

दुसरी वाट, गरजेपुरती ऊब. अजगराची मादी अंड्यांना वेटोळं घालून बसते आणि अंगाचे स्नायू थरथरवून त्यांना ऊब देते. दक्षिण अमेरिकेतला तेगू नावाचा मोठा सरडा विणीच्या हंगामात अंगाचं तापमान बिळाच्या हवेपेक्षा १० अंशांपर्यंत वर ठेवू शकतो. म्हणजे कायम थंड की कायम गरम, असा एकदाच निवाडा करायचं कारण नाही. तुझे कातळे वर्षातले काही महिने तापणारे असू देत. सण, लग्नं, युद्धं त्याच महिन्यांत येतील.

तुझ्या घोरपडीच्या गळ्याचंही सांगतो. सरडा पळताना अंग डावी-उजवीकडे वळवतो, आणि त्यासाठी बरगड्यांजवळचे जे स्नायू लागतात तेच श्वासालाही लागतात. दोन्ही कामं एकदम नीट होत नाहीत. म्हणून सरडा सुसाट सुटतो आणि लगेच थांबतो. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' हे ज्याने कुणी पहिल्यांदा म्हटलं त्याने सरडा मन लावून पाहिला होता. घोरपडीने यावर तोड काढली आहे. ती गळ्याचा भाता करून हवा फुप्फुसात ढकलते. तू पाहिलंस ते हेच. तुझे कातळे ताठ उभे चालत असतील तर अंग बाजूला वळायचं थांबेल आणि अडचण बरीचशी सुटेल, पण गळा फुगण्याची खूण राहू दे.

परळकर

सगळं वाचलं, आवडलं, पण मनापासून विरोध नोंदवतो. मी कथा लिहितो. आपल्या पुराणांत शेष पृथ्वी डोक्यावर तोलतो, नागकन्या माणसांशी लग्नं करतात. त्यांच्या कॅलरी कुणी मोजल्या नाहीत आणि गोष्टी हजारो वर्षं टिकल्या. वाचक नायिकेत स्वतःला शोधतो. चेहरा ओळखीचा नसेल, डोळ्यांत पाणी येत नसेल, तर तिचं दुःख माझ्यापर्यंत पोचणार कसं? संपादकांची सूचना भोंगळ असेल, पण त्यांची भीती खरी आहे.

कातळवेडी

परळकर, तुमचा मुद्दा मला रात्री झोपू देत नाही, म्हणून टाळत नाही. नागकन्या दैवी आहे. ती रूप घेते, हा तिच्या गोष्टीतला करार आहे आणि तो पहिल्या ओळीतच ठरतो. माझे कातळे जन्मतात, भुकेजतात, थंडीत आखडतात, मरतात. त्यांचा करार शरीराशी आहे. तो मी पाळला नाही तर त्यांचं मरणही खोटं वाटेल.

डॉक्टरकाका, थरथरणाऱ्या अजगरिणीचं वाचून अंगावर काटा आला. ते पान काढायला घेतलंय.

जुना गुरांचा डॉक्टर

परळकरांची भीती जुनी आहे, शास्त्रज्ञही तिथे घसरलेत. १९८२ मध्ये डेल रसेल या कॅनडातल्या जीवाश्मतज्ज्ञाने, डायनोसॉर मेले नसते तर पुढे काय झाले असते असा विचार करून एक पुतळा घडवून घेतला. ट्रूडॉन गटातला एक छोटा, त्या मानाने मोठ्या मेंदूचा डायनोसॉर घेतला आणि त्याचा 'डायनोसॉरॉइड' केला. ताठ उभा, शेपटी गायब, गोल डोकं, तीन बोटांचे हात. पोटावर चक्क बेंबी. स्तन मात्र दिले नाहीत. पिल्लांना पक्ष्यांसारखं ओकून भरवत असेल अशी त्याची कल्पना. इतर तज्ज्ञांनी टीका केली ती हीच, की हा फारच माणसासारखा झाला. हुशार व्हायचं तर माणसाच्याच आकारात यायला हवं, असं कुठे आहे?

दादर पूर्व

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून कमरेखालचं मी सांगते. शेपटी ही मागे लावलेली झालर नाही. सरड्याच्या आणि मगरीच्या शेपटीच्या बुडापासून एक जाडजूड स्नायू मांडीच्या हाडाला जातो आणि पाय मागे खेचतो. चालण्याचं बळ तिथून येतं. आपल्यात ते काम नितंब आणि मांडीच्या मागचे स्नायू करतात. म्हणजे भरीव शेपटी असेल तर माणसासारखे गोल नितंब नकोत. शेपटीचं बूडच मांडीइतकं जाड हवं, आणि तिच्या वजनाला तोल म्हणून धड पुढे झुकलेलं. पाठ ताठ आणि शेपटी जड, असं एकत्र काढलंत की ती बाई मागे पडेल.

पाय काढताना अनेक चित्रकार 'उलटा गुडघा' देतात. तो गुडघा नसतो, वर उचललेली टाच असते, कुत्र्या-मांजरांसारखी. घोरपड पूर्ण पाऊल टेकून चालते. तुमच्या कातळ्यांना सपाट, रुंद पाऊल आणि लांब बोटं द्या.

बसणार कशा? पाठीच्या खुर्चीत नाही. पाट, चौरंग, पायरीची कड. आपल्या जुन्या घरातलं सगळं सामान त्यांना चालेल, ऑफिसातलं काहीच नाही. दुसऱ्या भागात लोकल आहे ना? डब्यात तोल सावरायला बाहेर काढावी लागणारी शेपटी आणि ती ठेवायला नसलेली जागा, यावर एक अख्खं प्रकरण होईल. कुणी पाय दिला तर तुटून पडेल असं मात्र दाखवू नका. ते भिंतीवरच्या पालीचं. घोरपडीची शेपटी गेली की गेली.

व्यंजनसंधी

मी मराठी शिकवते, जीवशास्त्रात ढवळाढवळ करत नाही, पण एका गोष्टीकडे कुणाचंच लक्ष गेलेलं नाही. ओठ!

सरड्याला ओठ असतात, पण ते हलवणारे स्नायू नसतात. माणसाच्या चेहऱ्यावर जे मऊ, हलते स्नायू आहेत ते सस्तनांचं वैभव. ओठ हलत नसतील तर प, फ, ब, भ, म हा पूर्ण ओष्ठ्य वर्ग अडतो. दरवेळी अख्खा जबडा मिटावा लागेल, आणि भरभर बोलताना ते जमणार नाही. 'व' जातो, 'उ' आणि 'ओ' यांचा गोलावाही जातो. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य राहतात. ट, ठ, ड, ढ, ण तर खणखणीत उठतील, जर जीभ तशी जाड दिलीत तर. घोरपडीच्या दोन टोकांच्या बारीक जिभेने तेही कठीण.

याचा अर्थ कळला का? तुमच्या नायिकेला 'मुंबई' म्हणता येणार नाही. 'आई' म्हणता येईल, 'बाबा' नाही.

सर्पमित्र भांडुप

ताई, वा! पण मग पोपट 'मिठू मिठू' कसा म्हणतो? त्याला तर ओठच नाहीत.

व्यंजनसंधी

रास्त प्रश्न. पोपटाचा आवाज आपल्यासारखा गळ्याच्या वरच्या टोकाला तयार होत नाही. पक्ष्यांचं स्वरयंत्र खाली, श्वासनलिकेला जिथे फाटे फुटतात तिथे असतं. तिथे उठलेल्या ध्वनीला जाड जिभेने आकार देऊन तो 'म'चा भास करतो. कातळ्यांना तसं यंत्र आणि तशी जीभ दिलीत तर सगळी बाराखडी मिळेल, मात्र मग बोलताना त्यांचा चेहरा अजिबात हलणार नाही. दोन्हींतलं एक निवडा आणि शेवटपर्यंत पाळा.

कातळवेडी

काल रात्री आरशासमोर बसून दोन्ही ओठ बोटांनी ताणून धरले आणि वाचून पाहिलं. 'मुंबई' म्हणायला गेले तर 'उंगई'सारखं काहीतरी आलं. मग माझ्या नायिकेचं नाव घेतलं. भूमी. दोन्ही अक्षरं ओष्ठ्य! वर्षभर मी तिला असं नाव देऊन बसले होते जे तिला स्वतःला उच्चारता येत नाही. तिच्या आईला तिला हाक मारता आली नसती.

रात्री दोन वाजेपर्यंत नावं लिहित बसले. 'ठिणगी' सापडलं. ठ, ण, ग, एकही ओठाचं अक्षर नाही. जिच्या अंगात स्वतःची आग नाही आणि जिला ती रोज सूर्याकडून आणावी लागते, तिचं नाव ठिणगी.

परळकर

नाव ऐकताच मी तिच्या बाजूला आलो. पण प्रश्न शिल्लकच आहे. चेहरा हलत नसेल तर ठिणगीला राग आलाय, भीती वाटतेय, प्रेम आहे, हे दाखवणार कसं? चित्रकादंबरीत चेहराच सगळं असतो ना?

सर्पमित्र भांडुप

याचं उत्तर तुमच्या कुंपणावर बसलंय. एप्रिल-मे महिन्यात बागेतला सरडा बघा. नर तापला की डोकं आणि गळा लालभडक होतो, पुढच्या पायांवर दंडबैठका काढल्यासारखा वर-खाली होतो. हरला की दोन मिनिटांत फिका पडतो. आपण म्हणतो 'सरड्यासारखा रंग बदलतो', म्हणजे बेभरवशाचा. खरं बघितलं तर सरड्याचा रंग त्याच्या मनात काय चाललंय ते उघडं करतो. त्याला लपवता येत नाही. माणूस आतून जळत असताना हसू शकतो, सरडा नाही.

परळकर

थांबा. म्हणजे ज्यांना आपण दगाबाज म्हणतो ती खोटं बोलू न शकणारी जमात?

कातळवेडी

हो! आणि त्यांच्यात येणारी माणसं चेहऱ्याने खोटं बोलणारी. कातळ्यांना माणसाचं हसू वाचताच येत नाही, ते त्याच्या गळ्याकडे बघत राहतात रंग कधी येतो म्हणून. परळकर, तुम्ही प्रश्न विचारला नसता तर मी हे पकडलंच नसतं. आता ठिणगीचा चेहरा मी दगडासारखा ठेवणार आणि सगळा राग-लोभ गळ्यात, मानेत आणि शेपटीच्या टोकात आणणार. घोरपड एवढा रंग बदलत नाही हे ठाऊक आहे, तेवढं मी सरड्याकडून उसनं घेते.

व्यंजनसंधी

गळा झाकणारी कातळी म्हणजे मग पदर घेतलेली बाई. काय काय लपवत असेल ती!

सर्पमित्र भांडुप

डोक्याचंही लक्षात घ्या. घोरपडीच्या आणि सरड्याच्या टाळूवर मध्यभागी एक छोटा खवला असतो, त्याखाली प्रकाश कळणारा तिसरा डोळा. चित्र दिसत नाही, पण उजेड किती, दिवस किती मोठा, हे अंगाला कळतं. कातळ्यांना टोपी घालू नका. घातली तर तिला अर्थ हवा.

आणि एक कळकळीची विनंती. गोष्टीत घोरपडीच्या अवयवांचे तोडगे, ताईत दाखवू नका. 'हत्ताजोडी' नावाने झाडाचं मूळ म्हणून जे विकतात ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. वन्यजीव कायद्यात घोरपडीला वाघाइतकंच कडक संरक्षण आहे, तरी मारली जाते. मी अशा अर्धमेल्या घोरपडी पोत्यातून सोडवल्यात. आधीच तिच्या नशिबात तानाजीला कडा चढवणाऱ्या यशवंतीची कथा आहे आणि त्या पकडीच्या कौतुकापायी मारही आहे.

कातळवेडी

दादा, शब्द दिला. उलट दुसऱ्या भागात ठिणगीला एका दुकानाच्या काचेमागे ती वस्तू दिसेल आणि तिचा गळा पांढरा पडेल. संवाद नाही.

दादर पूर्व

आणि पावसाळा? जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. थंड रक्ताच्या माणसांनी काय करायचं?

जुना गुरांचा डॉक्टर

मुंबईचा पाऊस गार नसतो, हवा २५ अंशांच्या फार खाली जात नाही. तेवढ्यात जेवण पचेल, चालणं-बोलणं होईल, फक्त धार कमी. खरी कसोटी जानेवारीची पहाट. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला कुलाब्यापेक्षा चांगलाच गारठा असतो. त्या वेळी कातळ्यांना पकडणं सर्वांत सोपं, आणि त्यांच्या शत्रूंना हे ठाऊक असणार. काळा कातळ दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो. तुझी वस्ती कान्हेरीत का, याचं कारण तुला आयतंच मिळालं.

कातळवेडी

काल संपूर्ण पहिलं पान नव्याने काढलं. ते इथे सांगते, मग धागा काही दिवस वाचत राहीन.

जानेवारी, अजून उजाडायचंय. कपारीच्या तोंडाशी ठिणगी पोटावर पडली आहे, अंग पसरलेलं, शेपटी कातळाच्या फटीत घातलेली, तिथे कालची ऊब उरलीय म्हणून. पलीकडच्या वाटेवर मशाली चढताहेत. तिला दिसतात. तिला उठायचंय, आईला हाक मारायचीय, पण गळ्याचा भाता हळूहळू फुगतोय आणि हळूहळू बसतोय. पुढच्या पाच चौकटींत काहीच हलत नाही, फक्त मशाली जवळ येतात आणि पूर्वेचा डोंगर राखाडीचा गुलाबी होतो. सहाव्या चौकटीत उन्हाची पहिली रेघ तिच्या टाळूवर, त्या छोट्या खवल्यावर पडते.

परवा हे पान त्याच संपादकांकडे घेऊन जातेय.